स्तनाच्या वाढीतून कर्करोगाचा माग काढणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

हिमायतनगरच्या शिवारात कापूस वेचणीला सुरुवात झाली की घरातल्या बाईला स्वतःकडे बघायला वेळ नसतो. आंघोळ करताना स्तनात हाताला गाठ लागली, तरी ती दुखत नाही म्हणून मनावर घेतली जात नाही. ‘वेचणी होऊ द्या, मग बघू’ असे म्हणत महिने निघून जातात. सांगायची लाज असतेच, आणि नांदेडला जायचे तर मजुरीचा दिवस बुडतो. गाठ बाहेरून कुठून तरी अचानक येते, असाच अनेकींचा समज असतो. प्रत्यक्षात स्तनाच्या कर्करोगाचे नाते या अवयवाच्या आयुष्यभराच्या वाढीशी आहे. भारतात या नात्याचा प्रयोगशाळेत बसून शोध घेणाऱ्यांमध्ये डॉ. कमल रणदिवे हे नाव अग्रभागी येते.

हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव जन्माच्या वेळी जवळपास पूर्ण घडलेले असतात. स्तनाचे तसे नाही. नवजात मुलीच्या स्तनात फक्त थोड्या, अर्धवट नलिका असतात. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे त्या लांबतात आणि त्यांना फांद्या फुटतात. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन यांच्या प्रभावाने त्या फांद्यांच्या टोकांना दूध तयार करणाऱ्या पेशींचे घोस लागतात. बाळाचे दूध सुटले की हे घोस आक्रसतात आणि पुढच्या बाळंतपणात पुन्हा भरतात. म्हणजे पेशींचे विभाजन इथे अनेक वर्षे चालू राहते. ज्या पेशी वारंवार विभागतात, त्यांच्यात चूक होण्याची संधीही जास्त असते.

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेतून शालेय शिक्षण पूर्ण करून कमल फर्ग्युसनमध्ये गेल्या आणि तिथे वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्रात रमल्या. 1939 मध्ये त्यांचा जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. 1943 मध्ये त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळे खात वाढलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला हे वाचून गंमत वाटेल. पण पेशीच्या आत डोकावण्याची सवय त्यांना याच अभ्यासातून लागली.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये ‘हेला’ ही जगप्रसिद्ध मानवी पेशींची वंशावळ तयार झाली. भारतात परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशी बाटलीत जिवंत ठेवून त्यांच्यावर कशाचा काय परिणाम होतो, हे पाहण्याची सोय आपल्याकडे झाली.

त्यांच्या कामाचा मोठा भाग उंदरांवरचा होता. उंदरांच्या काही जातींमध्ये स्तनाचा कर्करोग सहज होतो, तर काहींमध्ये क्वचितच. दोन्हींच्या स्तनग्रंथी कशा घडतात, फरक कुठे पडतो, आनुवंशिकतेचा वाटा किती आणि संप्रेरकांचा किती, असे त्यांचे प्रश्न होते. रोगाची सुरुवात गाठीच्या आधी, अवयवाच्या घडणीत शोधायची, ही त्यांची दिशा होती. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध भारतात मांडणाऱ्या पहिल्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवले होते की, उंदरांमध्ये आईच्या दुधातून कर्करोगाला कारणीभूत ठरणारा एक घटक पिलांत जातो. तो पुढे विषाणू निघाला. पण ती गोष्ट उंदरांची. माणसात आईच्या दुधामुळे बाळाला कर्करोग होतो, असा पुरावा नाही. उलट स्तनपान आईचे रक्षण करते. 30 देशांतील 47 अभ्यासांची माहिती एकत्र करून 2002 मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, स्तनपानाच्या दर 12 महिन्यांमागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका 4.3 टक्क्यांनी कमी होतो.

आनुवंशिकतेचेही चित्र आता स्पष्ट झाले आहे. बीआरसीए-1 हे जनुक 1994 मध्ये आणि बीआरसीए-2 हे 1995 मध्ये शोधले गेले. मात्र थेट वारशाने येणारे रुग्ण साधारण 5 ते 10 टक्केच असतात. म्हणून ‘आमच्या घरात कुणाला नाही’ हे निश्चिंत राहण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्यांच्या घरी आई, बहीण किंवा मावशीला हा आजार झाला आहे, त्यांनी मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रणदिवे यांचे लक्ष प्रयोगशाळेपुरते नव्हते. संशोधनात शिरलेल्या मुली लग्न-बाळंतपणानंतर मागे पडतात, हे पाहून 1973 मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला या संघटनेने वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. उत्तरायुष्यात त्यांनी नगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. तो लवकर ओळखण्यासाठी महागडे यंत्रच लागते असेही नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर 20 वर्षे अभ्यास केला. त्यातल्या एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. त्या गटातील पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यू घटल्याचे दिसले नाही. पण आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला.

तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्तमिश्रित पाणी, यापैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासूनच कळते. पुढच्या तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वेचणी चार दिवस लांबली तर कापूस झाडावर थांबतो. गाठ थांबत नाही.