मेंदू सज्ञान कधी होतो?



घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल असले की एक वाद ठरलेला असतो. मूल म्हणते, "मी आता मोठा झालो, माझं मला ठरवू दे." आई-बाबा म्हणतात, "अजून तुला काय कळतंय!" मेंदूचा अभ्यास करणारे लोक सांगतात की दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे. ते कसे, हे आज समजून घेऊ. लेख थोडा लांब आहे. लहान गटातल्या मुलांनी तो आई-बाबांकडून वाचून घ्यावा.

कायद्याला विचारले तर

'सज्ञान' म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मोठा झालेला, स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारा माणूस. नेदरलँड्समध्ये पूर्वी एकविसाव्या वर्षी माणूस सज्ञान होत असे. १ जानेवारी १९८८ पासून हे वय अठरा झाले. भारतात १८७५ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे अठरा हेच वय ठरले आहे. तरीही मतदानासाठी १९८९ पर्यंत एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत.

आता गंमत पाहा. भारतात लग्नासाठी मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस लागते. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. इथे नेदरलँड्समध्ये सोळाव्या वर्षी बिअर मिळत असे, पण १ जानेवारी २०१४ पासून दारूचे वय अठरा करण्यात आले. मोटार मात्र सतराव्या वर्षी चालवता येते. अट एवढीच की अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी नोंदणी केलेली अनुभवी मोठी व्यक्ती बसलेली हवी.

म्हणजे "माणूस मोठा कधी होतो?" या प्रश्नाला कायद्याकडे एकच उत्तर नाही. जसे काम, तसे वय. मेंदूचेही जवळजवळ असेच आहे.

डोक्यात नेमके काय चालते?

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांहून अधिक झालेला असतो. त्यामुळे मेंदूची वाढ लहानपणीच संपते असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. एम. आर. आय. यंत्र आल्यावर जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रे इजा न करता घेता येऊ लागली. अमेरिकेतील डॉ. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलांची चित्रे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली. १९९९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले, त्यावरून दिसले की मेंदूची घडण किशोरवयातही जोरात चालू असते. ती विशीतही चालू राहते, हे पुढच्या अभ्यासांत दिसले.

ही घडण दोन प्रकारची असते.

पहिली म्हणजे छाटणी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या वेलाची वर्षातून दोनदा छाटणी करतात. (तीच द्राक्षे बोटीने रॉटरडॅमला येतात आणि आपण इथे खातो.) वेल छाटला नाही तर नुसता पाला माजतो, घड धरत नाहीत. मेंदूतही पेशींचे एकमेकींशी असंख्य जोड असतात. जे जोड वापरात येतात ते टिकतात आणि जे वापरले जात नाहीत ते गळून जातात. मेंदूचे काम त्यामुळे नेटके होते.

दुसरी म्हणजे रस्ते पक्के करणे. मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण चढते आणि निरोप कित्येक पटींनी वेगाने जाऊ लागतात. पायवाटेचा डांबरी रस्ता व्हावा तसेच हे.

मुख्य मुद्दा असा की ही दोन्ही कामे सगळीकडे एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. पाहणे, ऐकणे, हातपाय हलवणे यांचे भाग आधी तयार होतात. कपाळाच्या मागचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो सर्वात शेवटी तयार होणाऱ्यांपैकी आहे. पुढचा विचार करणे, मोह आवरणे, दोन गोष्टी तोलून पाहणे ही या भागाची कामे. मजा, बक्षीस, मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारे आतले भाग मात्र वयात येताना फार जागे झालेले असतात. थोडक्यात सांगायचे तर सायकलला नवे गिअर बसले आहेत, पण ब्रेक अजून घट्ट करायचे आहेत!

"पंचविसाव्या वर्षी मेंदू पूर्ण होतो" असे हल्ली सर्रास ऐकू येते. हा आकडा कुठे कोरून ठेवलेला नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला डोक्यात एखादी घंटा वाजत नाही. बदल हळूहळू होतात, काही तिशीपर्यंत चालतात, आणि माणसामाणसांत पुष्कळ फरक असतो.

थंड डोके आणि गरम डोके

मग सोळा वर्षांच्या मुलाला निर्णय घेता येतो की नाही? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा देशांतल्या दहा ते तीस वर्षांच्या पाच हजारांहून अधिक मुलांची आणि तरुणांची पाहणी झाली. त्यात भारतही होता. दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसांइतकी होते. पण भावना उसळलेल्या असताना, घाईत किंवा मोहाच्या क्षणी स्वतःला आवरण्याची क्षमता त्यानंतरही वाढत राहते, अगदी विशीपर्यंत.

पहिल्याला आपण 'थंड डोके' म्हणू, दुसऱ्याला 'गरम डोके'. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांनी पंधरा-सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली. त्यांच्यासारखी बुद्धी कोट्यवधींत एखाद्याची, पण त्या वयात खोल विचार करता येतो यात शंका नाही. विज्ञानाचेही तेच म्हणणे आहे.

गरम डोक्याचे उदाहरण पाहा. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी तीन वयोगटांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. दिवा पिवळा झाल्यावर जितके पुढे जाल तितके गुण जास्त, पण धडक बसली तर सगळे गेले. एकट्याने खेळताना तिन्ही गट बऱ्यापैकी सारखेच सावध होते. शेजारी मित्र बसवल्यावर १३ ते १६ वयाच्या मुलांनी खूपच जास्त धोका पत्करला. १८ ते २२ वयाच्या तरुणांनीही तो वाढवला, पण कमी. २४ च्या पुढच्यांना फारसा फरक पडला नाही.

आता आपल्या टिलबर्गची जुलैतली केर्मिस आठवा. दहा दिवस पाळणे, दिवे, संगीत आणि भोवती सगळे मित्र! गरम डोक्यासाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. किती पैसे खर्च करायचे आणि किती वाजता परत यायचे हे तिथे ठरवू नये. घरून निघतानाच, थंड डोक्याने ठरवून जावे.

न्यायालयातही हाच प्रश्न

हा विषय नुसता खेळाचा नाही. नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २०१४ पासून असा नियम आहे की १८ ते २२ वर्षांच्या तरुणाने गुन्हा केला तर त्याची वाढ पाहून न्यायाधीश त्याला मुलांसाठीचा कायदा लावू शकतात. या वयात मेंदूची घडण चालू असते, हेच त्यामागचे एक मोठे कारण होते. (सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला गंभीर गुन्ह्यात मोठ्यांचा कायदा लावण्याची सोयही इथे आहे.)

भारतात त्याच सुमारास पाऊल उलट्या दिशेने पडले. दिल्लीतल्या २०१२ च्या भयंकर घटनेनंतर २०१५ चा बाल न्याय कायदा आला. १६ ते १८ वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर परिणाम समजण्याची त्याची कुवत तपासून त्याला मोठ्यांप्रमाणे चालवता येते. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालक सतरा वर्षांचा होता आणि तो दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे. अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन मिळाला, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. त्याला मोठा मानावे अशी पोलिसांनी केलेली मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

मेलेल्यांच्या आई-वडिलांचे दुःख कोणत्याही विज्ञानाने कमी होत नाही. 'माझा मेंदू अजून तयार नव्हता' ही सबबही होऊ शकत नाही, कारण सोळाव्या वर्षी बरे-वाईट नक्की कळते. पण त्या रात्री किल्ली कोणी दिली, पेला कोणी भरला, हाही प्रश्न उरतोच. ज्याचे ब्रेक अजून घट्ट व्हायचे आहेत त्याला उतारावर एकटे सोडू नये, ही मोठ्यांची जबाबदारी.

आपल्या शहरातला एक विद्यार्थी

टिलबर्गच्या जुन्या राजवाड्यात, जो आज नगरपालिकेच्या इमारतीचा भाग आहे, पूर्वी एक शाळा भरत असे. १८६६ ते १८६८ या काळात तिथे व्हिन्सेंट व्हॅन गॉख शिकत होता. पंधरा पूर्ण होण्याच्या थोडे आधीच तो वर्षाच्या मध्येच शाळा सोडून घरी गेला. सोळाव्या वर्षी चित्रे विकणाऱ्या दुकानात नोकरी, मग इंग्लंडमध्ये शिक्षक, मग पुस्तकांचे दुकान, मग धर्मशास्त्राचा अभ्यास, मग खाणकामगारांच्या वस्तीत धर्मोपदेशक, असे त्याने खूप काही करून पाहिले. चित्रकार व्हायचे त्याने ठरवले ते १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी.

प्रत्येक भटकणारा व्हॅन गॉख होत नाही हे खरे! पण इथल्या शाळेत हावो किंवा व्हेवेओच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी, पुढच्या विषयांचा गट निवडावा लागतो. तेव्हा "आता चुकलं तर आयुष्य वाया" असे मुलाला सांगू नये. वाट बदलण्याची सोय इथे आहे. एम. बी. ओ. मधून एच. बी. ओ. आणि पुढे विद्यापीठात जाणारी मुलेही असतात.

अठराव्या वाढदिवसाची पत्रे

अठरा पूर्ण झाले की इथे टपालपेटीत मुलाच्या नावाने पत्रे येऊ लागतात. आरोग्यविम्याचा हप्ता सुरू होतो. अवयवदानाच्या नोंदणीचे पत्र येते. १ जुलै २०२० च्या नव्या कायद्यानुसार, आठवण करूनही उत्तर दिले नाही तर 'हरकत नाही' अशी नोंद होते. (ती नंतर केव्हाही बदलता येते.) शिवाय आपल्या घरांतला एक खास प्रश्न आहे, पासपोर्टचा. इथे जन्मून वाढलेल्या किंवा चार वर्षांचे होण्याआधीपासून राहणाऱ्या बऱ्याच मुलांना अठराव्या वर्षी सोप्या मार्गाने डच नागरिकत्व मागता येते. मात्र स्वतःहून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताच्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते.

हे सगळे 'थंड' निर्णय आहेत. वेळ आहे, माहिती मिळते, विचारायला माणसे आहेत. अठरा वर्षांची मुले ते नीट घेऊ शकतात. पालकहो, ते परस्पर घेऊन टाकू नका आणि "तुझं तू बघ" म्हणून हातही झटकू नका. शेजारच्या आसनावर बसा, पण सुकाणू ओढू नका. सोळावे वर्ष लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, असे आपले जुने सुभाषितही सांगते.

लहान गटाच्या पालकांसाठी एक गोष्ट. लायडन विद्यापीठातील अभ्यासात (२००८) दिसले की आठ-नऊ वर्षांची मुले 'बरोबर!' यातून चांगले शिकतात, 'चुकले!' यातून फारसे नाही. चुकीतून शिकण्याची हातोटी बाराव्या-तेराव्या वर्षापासून वाढते. तेव्हा 'शाब्बास' म्हणायला कंजूषी नको.

घरी करून पाहा

या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबा आले असतील तर त्यांनीही, आपला एक निर्णय कागदावर लिहावा आणि चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत:

१. हा निर्णय घेताना माझे डोके थंड होते की गरम?
२. भोवती कोण होते? एकटा किंवा एकटी असते तर हेच ठरवले असते का?
३. एक रात्र मध्ये जाऊ दिली असती तर?
४. चुकला तर परत फिरता येईल का?

मग कागद एकमेकांना वाचून दाखवा. बाबांचे डोके किती वेळा गरम होते, हे मुलांना कळेल आणि मुलांचे किती वेळा थंड असते, हे बाबांना! 'अति घाई संकटात नेई' ही घाटातली पाटी फक्त तरुणांसाठी लावलेली नाही. ज्यांना उत्तरे सर्वांना ऐकवायची असतील त्यांनी कागद पुढच्या वर्गाला घेऊन यावे.