मुक्त प्रणाली, बंद फर्मवेअर

जुन्या लॅपटॉपवर लिनक्सची मुक्त प्रणाली टाकली, की पडदा, कीबोर्ड, आवाज बहुधा लगेच चालतात; अडते ते वायफाय. दोष अनेकदा ड्रायव्हरला दिला जातो, पण ड्रायव्हर प्रणालीतच असतो. कमी पडते ते फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपमधल्या स्वतंत्र छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. पूर्वी तो कार्डावरच्या कायमच्या मेमरीत भरलेला येई. त्या मेमरीचा खर्च वाचावा आणि सुधारणा नंतरही पाठवता याव्यात, म्हणून कंपन्यांनी त्याची फाइल केली. संगणक सुरू होताना ड्रायव्हर ती चिपमध्ये चढवतो. फाइल नसेल तर चिप निकामी.

या फाइलींचा सोर्स कोड सहसा मिळत नाही, म्हणून त्यांना ‘बंद’ म्हणतात. ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच जुन्या कार्डांची फाइल तर इतरांना वाटण्याचीही परवानगी नव्हती; ती कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढावी लागे.

फाइल मिळवणे सगळीकडे सारखे सोपे नाही. गोंदिया शहरात ब्रॉडबँडची केबल लॅपटॉपला लावून फाइल उतरवता येते. त्याच जिल्ह्यातल्या सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्ट्यातल्या गावात, जिथे हातातला मोबाइल हेच इंटरनेट, तिथे पेच पडतो: वायफायसाठी फाइल हवी आणि फाइलसाठी इंटरनेट. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टिथरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू केले की हा पेच बहुधा सुटतो. त्यासाठीचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो आणि लॅपटॉपला वेगळे फर्मवेअर लागत नाही. ही साधी सोय प्रत्येक मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर हवी.

बंद फर्मवेअर प्रणालीसोबत द्यावे की नाही, या प्रश्नावर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात वर्षानुवर्षे वाद झाला. त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसे. ते असलेली अनधिकृत प्रत वेगळी शोधावी लागे आणि नवख्याला ती सापडत नसे. ऑक्टोबर 2022 मध्ये सदस्यांच्या मतदानाने हे बदलले. 10 जून 2023 रोजी आलेल्या डेबियन 12 पासून गरजेचे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येते, पण त्याचा विभाग वेगळा ठेवलेला आहे आणि नको असल्यास ते टाळता येते. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी असल्याने हा वाद भारतीय वापरकर्त्यांपासून दूरचा नाही.

ट्रिस्क्वेलसारख्या प्रणाली मात्र अशी एकही फाइल ठेवत नाहीत. ही निष्ठा आदरास पात्र आहे, पण फाइल नाकारल्याने यंत्र मुक्त होत नाही. कारखान्यात भरलेला बंद कोड चिपमध्ये राहतोच. 2018 मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा तिच्या काही प्रकारांपासून बचावासाठी प्रोसेसरचा बंद मायक्रोकोड (त्याच्या आतला फर्मवेअरसारखाच कोड) अद्ययावत करावा लागला. तो नाकारणाऱ्याचे संरक्षणच घटले. म्हणून डेबियनचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो: बंद भाग द्यायचा, पण तो बंद आहे हे लपवायचे नाही.

पूर्ण मुक्त पर्याय थोडे आहेत. अथेरॉस कंपनीच्या एआर 9271 चिपच्या यूएसबी वायफाय अडॅप्टरचे फर्मवेअर 2013 मध्ये खुले झाले. तो फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, वेगही आजच्या मानाने कमी. ऑनलाइन अर्ज आणि अभ्यासाच्या व्हिडिओंना मात्र पुरतो. घेताना खोक्यावरचे नाव नव्हे, आतली चिप पाहावी, कारण एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत कंपन्या चिप बदलतात.