पंचांच्या पोटात काय राहील?

आमेर : किल्ल्यात शिरले की दिवाण-ए-आम लागतो. तीन बाजूंनी उघडा, खांबांचा मंडप. त्याच्या पलीकडे गणेश पोळ हा दरवाजा, आणि त्याच्या माथ्यावर सुहाग मंदिर. तिथल्या जाळ्यांआडून राजघराण्यातल्या स्त्रिया खालचा दरबार पाहत. त्या दरबारातले बोलणे त्यांच्या कानी येई; त्यात त्यांचा आवाज मात्र नसे.

गावकीचे तंटेही पूर्वापार असेच उघड्यावर मिटत आले. राजस्थानात जाजम अंथरून पंच बसत. मराठी मुलखात गोतसभेचा निर्णय महजर या निवाडापत्रावर उतरे आणि पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. जितके साक्षीदार जास्त, तितका निवाडा पक्का. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समितीही ग्रामसभेतूनच निवडली जाते.

आता कायदा वेगळे सांगतो. १४ सप्टेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या मध्यस्थी कायद्यात मोहल्ल्याच्या भांडणांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही पक्ष राजी असतील, तर विधी सेवा प्राधिकरण तीन मध्यस्थांचे मंडळ नेमते. त्यात परिसरातली प्रतिष्ठित माणसे, रहिवासी संघांचे प्रतिनिधी घेता येतात.

याच कायद्याचे २२ वे कलम गुप्ततेचे आहे. मध्यस्थीत दिलेली कबुली, मांडलेला प्रस्ताव, मागितलेली माफीसुद्धा बाहेर सांगायची नाही. ध्वनिमुद्रण, चित्रीकरण करायचे नाही.

मध्यस्थीचा हा साचा जगभर फिरतो आहे. अमेरिकेत २००१ मध्ये एकसमान मध्यस्थी कायद्याचा नमुना तयार झाला. ७ ऑगस्ट २०१९ ला मध्यस्थीतून झालेल्या समझोत्यांविषयीच्या सिंगापूर करारावर भारतासह ४६ देशांनी सह्या केल्या. तो करार व्यापारी तंट्यांसाठीच आहे. व्यापारातला मध्यस्थ काम संपले की आपल्या गावी जातो. आमेरजवळच्या हाथी गावात माहुतांची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. समजा, तिथे दोन घरांत पाण्यावरून जुंपली, तर मध्यस्थ शेजारचाच असणार. संध्याकाळी तो त्याच पाण्यावर भेटणार. त्याने ऐकलेले ओठांबाहेर काढले तर शिक्षा काय, हे कलम सांगत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. मोहल्ल्यात झालेला समझोता लेखी असतो, नोंदवताही येतो. पण दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी होत नाही. त्याचा सारा भार लोकलाजेवर. काय ठरले हे गल्लीला कळलेच नाही, तर लाज कोणाची बाळगायची?

तरीही गुप्तता हवीच. सासरच्या जाचाबद्दल बोलणारी बाई चव्हाट्यावर तोंड उघडत नाही. जात पंचायतींनी वाळीत टाकण्याचे प्रकार इतके झाले, की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून बोलणे चार भिंतींत राहावे, आणि ठरलेली अट दोन्ही पक्षांच्या संमतीने गल्लीला कळावी, हाच मार्ग रास्त. कार्यपद्धती ठरवण्याची मोकळीक कायद्याने मध्यस्थांना दिलेलीच आहे.

९ ऑक्टोबर २०२३ ला कायद्याची काही कलमे लागू झाली. मोहल्ल्याचे प्रकरण त्यांत नव्हते. मंडळात स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करता येईल, एवढेच त्या प्रकरणात म्हटले आहे. आमेरसारख्या ठिकाणी मंडळ बसेल, तेव्हा तिघांत निदान एक बाई असावी, आणि पहिल्या बैठकीआधी तिघांनीही गुप्ततेच्या लेखी शपथेवर सही करावी.