सिरॅमिकच्या अंतरंगाची विद्युत् परीक्षा

सुरत शहराच्या दक्षिणेस, पश्चिम रेल्वेच्या मार्गावर सचिन हे स्थानक आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत कापड विणण्याचे, रंगविण्याचे व रसायनांचे कारखाने आहेत. खानदेशातील अनेक कुटुंबे या परिसरात कामानिमित्त स्थायिक झाली आहेत. आधुनिक यंत्रमागांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक साधनांनी होते व त्या साधनांत सिरॅमिकचे चिमुकले कपॅसिटर, म्हणजे विद्युत् धारित्र, बसविलेले असतात. त्यांपैकी एखाद्यातून वीज झिरपू लागली तरी यंत्र बंद पडू शकते.

या धारित्रांत बहुधा बेरियम टायटनेट हे विद्युत् अपारक द्रव्य असते. त्याची पूड दाबून ती सुमारे १,२०० ते १,४०० अंश सेल्सियस तापमानास भाजली जाते. तयार झालेला तुकडा एकजिनसी दिसला, तरी त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. विटांच्या जागी सूक्ष्म कण आणि चुन्याच्या दरजांच्या जागी कणसीमा असतात. साध्या मापकाने रोध मोजल्यास एकच आकडा मिळतो. वीज कणांतून झिरपते की सीमांतून, हे त्यावरून कळत नाही. दोष कणांत असेल तर द्रव्याची घटना सुधारावी लागते. सीमांत असेल तर बहुधा भाजण्याची रीत बदलावी लागते.

हा भेद संरोध वर्णपटमापनाने करता येतो. प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकंदर विरोध म्हणजे संरोध. त्यासाठीचा ‘इम्पीडन्स’ हा इंग्रजी शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली रूढ केला. या परीक्षेत नमुन्यास अल्प प्रत्यावर्ती दाब देऊन त्याची कंप्रता सेकंदास एका आवर्तनाहून कमी ते दहा लाख आवर्तनांपर्यंत बदलत नेतात. घरगुती विजेची कंप्रता ५० असते. प्रत्येक वेळी प्रवाह किती वाहतो व तो दाबाच्या किती पुढे असतो, याची नोंद होते.

कणांची धारकता अल्प असल्याने त्यांचा प्रतिसाद उच्च कंप्रतेस प्रकटतो. कणसीमा पातळ असल्याने त्यांची धारकता अधिक असते व त्यांचा प्रतिसाद नीच कंप्रतेस दिसतो. आलेखावर दोहोंची स्वतंत्र अर्धवर्तुळे उमटतात आणि प्रत्येकाचा व्यास त्या त्या भागाचा रोध दर्शवितो. अपारकांच्या अभ्यासासाठी अशाच कमानीदार आलेखाचा उपयोग कोल बंधूंनी १९४१ साली दाखवून दिला.

कणसीमा नेहमीच दोषास्पद असतात असे नव्हे. वीजवाहिन्यांवरील जस्त ऑक्साइडचे तडितरोधक कणसीमांच्या गुणामुळेच कार्य करतात. कधी दोन अर्धवर्तुळे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी निरनिराळ्या तापमानांस मापन करून व सूक्ष्मदर्शकाने नमुना पाहून निष्कर्ष पडताळावा लागतो. तथापि नमुना न फोडता दोषाचे स्थान दाखविणारी ही रीत असल्याने, कोणती भट्टी बदलावी अथवा कोणते मिश्रण सुधारावे, याचा निर्णय अंदाजाऐवजी मापनाच्या आधारे घेता येतो.