जुनी प्रत पुसण्यापूर्वी

शस्त्रक्रियेत टाके घालण्यापूर्वी गॉज मोजण्याची शिस्त आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच अंगी बाणवली. संगणकाच्या बाबतीत मात्र ती मी फार उशिरा शिकलो.

आमच्या शुश्रूषागृहातील रुग्णनोंदी 'पोस्टग्रेस' या डेटाबेसमध्ये आहेत. त्याच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला ५ वर्षेच दुरुस्त्या मिळतात. म्हणून आवृत्ती बदलणे अपरिहार्य ठरते. एका रविवारी ते काम पार पडले. सोमवारी सकाळी मात्र सर्व्हरची डिस्क भरत आल्याची सूचना झळकली. कारण साधे होते. बदलाच्या नेहमीच्या पद्धतीत मूळ माहितीला हात न लावता तिची संपूर्ण नक्कल नव्या जागी केली जाते. जुनी प्रत आपोआप जात नाही. ती पुसण्याची छोटी आज्ञावली तेवढी तयार मिळते.

"डॉक्टरसाहेब, चालवू का?" तरुण तंत्रज्ञाने विचारले.

"आधी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखव," मी म्हणालो.

तो उघडेना. बॅकअपची बाह्य डिस्क भरल्यामुळे कित्येक आठवडे रात्रीची प्रत अपुरीच राहिली होती. नव्या प्रतीत दोष निघता, तर जुनी प्रत हाच एकमेव आधार होता. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपणे आणि मागणी होताच ७२ तासांत देणे हे आपले कर्तव्य आहे. 'पुसल्या गेल्या' हे उत्तर तेथे चालत नाही.

नव्या बाह्य डिस्कवर बॅकअप घेतला, तो दुसऱ्या संगणकावर उघडला, रुग्णसंख्या जुळवली, काही जुने केसपेपर वाचून पाहिले. दोन दिवस काम सुरळीत चालल्यावरच जुनी प्रत पुसली. व्यापलेल्या जागेपैकी जवळजवळ निम्मी मोकळी झाली.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'लिंक' पद्धतीने बदल केल्यास दुप्पट जागा लागत नाही. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला, की जुन्या प्रतीकडे सुरक्षितपणे परतता येत नाही. तसेच, साध्या 'व्हॅक्यूम'ने मोकळी झालेली जागा बहुधा त्याच तक्त्यासाठी राखून राहते. 'व्हॅक्यूम फुल' ती डिस्कला परत देते. मात्र तेवढा वेळ तो तक्ता बंद राहतो आणि कामापुरती जादा जागाही लागते. म्हणून बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत किंवा काठोकाठ भरलेल्या डिस्कवर ते करू नये.

आपापल्या रुग्णालयातील बॅकअप एकदा प्रत्यक्ष उघडून पाहावा, ही सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती.