लेखांक ७ : सहीची राखण – मोबाइल वॉलेटमधील एनएफटी

मोबाइलमधील क्रिप्टो वॉलेट उघडले की संग्रहातील चित्रे ओळीने मांडलेली दिसतात, आणि त्यामुळे ती चित्रे, निदान त्यांची मालकी तरी, त्या फोनमध्येच साठवलेली आहे असा समज सहज होतो. या समजाला वॉलेट हे नावच पुष्कळसे कारणीभूत आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवर २०१८ च्या जानेवारीत मांडल्या गेलेल्या ‘ईआरसी-७२१’ या मानकानुसार एनएफटी म्हणजे एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधील, अर्थात ब्लॉकचेनवर ठरल्या नियमांनी आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीमधील, एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकापुढे मालकाचा पत्ता नोंदलेला असतो. वॉलेट ही नोंद वाचून दाखवते, इतकेच. जमीन जशी सातबाऱ्याच्या कागदात नसते, तसा संग्रह फोनमध्ये नसतो. फोन हरवला तर उताऱ्याची प्रत हरवली असे म्हणता येईल. परंतु मालकाचे नाव बदलण्याचा अधिकार ज्या सहीला आहे ती सही दुसऱ्याच्या हाती गेली, तर जमीनच गेली. ही उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. सातबाऱ्यावरील फेरफाराला हरकत घेण्यासाठी मुदत असते आणि तलाठ्याच्या कार्यालयापासून न्यायालयापर्यंत दाद मागता येते, तर ब्लॉकचेनवरील फेरफार काही सेकंदांत किंवा मिनिटांत कायम होतो आणि हरकत नोंदवून घेणारे तेथे कोणी नसते.

याचा अर्थ काय होतो हे अमेरिकी अभिनेता सेथ ग्रीन याच्या प्रकरणात दिसून आले. मे २०२२ मध्ये एका बनावट संकेतस्थळाला तो भुलल्याने त्याच्या संग्रहातील चार एनएफटी गेले, आणि त्यांत ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ या मालिकेतील ते माकडही होते ज्याला मध्यवर्ती पात्र करून तो एक दूरचित्रवाणी मालिका बेतत होता. चोराने ते तत्काळ विकले, विकत घेणाऱ्याचा पत्ता नोंदीत लागला, आणि चोरी जगजाहीर असूनही ते परत मिळवण्यासाठी ग्रीनला इथेरियमच्या चलनात १६५ इथर, म्हणजे त्या वेळच्या भावाने अडीच लाख डॉलरांहून अधिक रक्कम, मोजावी लागली.

मालकी बदलणारी ही सही ज्या खासगी किल्लीने केली जाते ती एक अतिप्रचंड संख्या असते. ती माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून २०१३ मधील ‘बीआयपी-३९’ या प्रस्तावाने २०४८ शब्दांची एक ठरावीक यादी दिली, आणि बहुतेक वॉलेट त्या यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडून ते ठरावीक क्रमाने वापरकर्त्याला दाखवतात. हे शब्द, ज्यांना सीड फ्रेज म्हणतात, ज्याच्याकडे असतील तो जगातील कोणत्याही फोनवर तेच वॉलेट उभे करू शकतो. मूळ फोनचे कुलूप, बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याची ओळख त्याच्या आड येत नाही, कारण ही कुलपे केवळ त्या एका फोनमधील अॅपचे दार राखतात, किल्लीशी त्यांचा संबंध नसतो.

मराठी वापरकर्त्याच्या बाबतीत येथे एक बारकावा आहे, जो मार्गदर्शक पुस्तिकांत सहसा आढळत नाही. या शब्दयाद्या जपानी, कोरियन, चेक अशा काही भाषांत आहेत, भारतीय भाषांत नाहीत, आणि व्यवहारात जवळजवळ सर्वत्र इंग्रजी यादीच वापरली जाते. इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून ठेवण्याची सवय असलेल्या व्यक्तीने ‘राइट’ असे लिहिले, तर ते ‘लिहिणे’ या अर्थाचे की ‘उजवा’ या अर्थाचे, हे वर्षभराने तिचे तिलाही सांगता येणार नाही, आणि दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. ‘परिधान करणे’ आणि ‘कोठे’ या अर्थांच्या दोन ‘वेअर’चेही तसेच. म्हणून हे शब्द रोमन लिपीत, स्पष्ट अक्षरांत आणि क्रमांक घालून कागदावर लिहावेत. यादीतील कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसल्याने, पुसट झालेला शब्दही तेवढ्यावरून ओळखता येतो.

कागद नको म्हणून अनेक जण शब्दांचा स्क्रीनशॉट काढतात, आणि मोबाइलवरचा सर्वांत घातक शॉर्टकट कदाचित हाच असावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा संस्थेने ‘स्पार्ककॅट’ नावाच्या हेरगिरी करणाऱ्या आज्ञावलीचा शोध जाहीर केला. गूगल प्ले आणि अॅपल अॅप स्टोअर या दोन्ही अधिकृत दुकानांतील काही अॅपमध्ये ती दडलेली होती, आणि फोटो पाहण्याची परवानगी मिळताच चित्रांतील अक्षरे ओळखून ती सीड फ्रेज हुडकत असे. नकळत होणारी बॅकअपची प्रतही अशीच अडचणीची ठरते. एप्रिल २०२२ मध्ये एका आयफोनधारकाला अॅपलकडून आल्यासारखा भासणारा फोन आला, त्याने पडताळणीचा सहा अंकी कोड सांगितला, आणि त्याच्या आयक्लाउड खात्यात आपोआप साठलेल्या मेटामास्क या वॉलेटच्या माहितीपर्यंत चोर पोहोचले. सुमारे साडेसहा लाख डॉलरांची मालमत्ता गेली. ती माहिती पासवर्डने कुलूपबंद केलेली असते हे खरे, तथापि पासवर्ड कच्चा असेल तर ते कुलूप टिकत नाही. यानंतर मेटामास्कने स्वतःच इशारा दिला आणि सांगितले की, आयफोनच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये या अॅपपुरता बॅकअप बंद करता येतो.

सीड फ्रेजविषयी इतके बोलले जाते की दुसरा धोका झाकोळून जातो. शब्द कोणालाही न सांगता, फोन हातातून न सोडता, केवळ ‘कन्फर्म’ या बटणावर बोट ठेवून संपूर्ण संग्रह गमावता येतो. ईआरसी-७२१ मध्ये हस्तांतराच्या आज्ञेशिवाय संमतीच्या दोन आज्ञा आहेत. पहिली एका विशिष्ट एनएफटीपुरती असते. दुसरी, ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’, एखाद्या पत्त्याला त्या मालिकेतील मालकाचे सर्व एनएफटी, आज असलेले आणि पुढे येणारेही, हलवण्याचा अधिकार देते. कायद्याच्या भाषेत हे कुलमुखत्यारपत्र झाले, आणि तेही मुदत नसलेले. ही आज्ञा मुळात बेकायदा किंवा संशयास्पद नाही, कारण बाजारपेठेत एनएफटी विक्रीला मांडताना तिची गरज पडतेच. फसवे संकेतस्थळ हीच आज्ञा ‘मोफत मिंट’ (म्हणजे नवा एनएफटी फुकट बनवून घेणे) किंवा ‘बक्षीस मिळवा’ अशा बटणामागे ठेवते आणि मुखत्यार म्हणून स्वतःचा पत्ता घालते. फोनच्या लहान पडद्यावर लांबलचक पत्त्याची सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरेच दिसतात, तपशील आणखी एका स्पर्शापलीकडे दडलेला असतो, आणि उठून दिसते ते फक्त निळे बटण. विनंतीत ‘ऑल’ हा शब्द आहे का आणि अधिकार कोणाला दिला जात आहे, या दोन गोष्टी तपशील उघडून वाचल्याखेरीज बोट पुढे नेऊ नये.

याहून फसवा प्रकार म्हणजे शुल्क न लागणारी सही. बाजारपेठा विक्रीचा प्रस्ताव ब्लॉकचेनवर न नोंदवता केवळ सही केलेल्या संदेशाच्या रूपात ठेवतात, आणि गॅस, म्हणजे व्यवहाराचे शुल्क, लागत नसल्याने वापरकर्ता तिकडे दुर्लक्ष करतो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओपनसी या बाजारपेठेच्या वापरकर्त्यांचे अडीचशेच्या आसपास एनएफटी काही तासांत गेले, ते असेच. त्यांनी पूर्वी कधीतरी अर्धवट भरलेल्या करारावर सही केली होती, चोरांनी उरलेल्या जागा भरल्या आणि शून्य किमतीत हस्तांतर करून घेतले; कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेण्याचा जुनाच प्रकार नव्या यंत्रावर चालवला गेला.

दिलेली संमती मागे घेता येते, मात्र अॅपमधील ‘डिस्कनेक्ट’ हे बटण ते काम करत नाही, कारण त्याने संकेतस्थळाला पत्ता दिसणे तेवढे बंद होते आणि मुखत्यारपत्र कायमच राहते. ते रद्द करण्यासाठी ब्लॉकचेनवर नवा व्यवहार करावा लागतो आणि त्याला गॅस लागतो. इथरस्कॅन या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील संमती-तपासणीच्या पानावर किंवा ‘रिव्होक डॉट कॅश’ या साधनावर आपला पत्ता टाकून दिलेले अधिकार पाहता येतात. पाहण्यासाठी सीड फ्रेज लागत नाही, आणि जो कोणी ती मागेल तो चोर समजावा. सीड फ्रेजच फुटली असेल, तर संमती रद्द करत बसण्यात अर्थ नाही. नव्या शब्दांचे वॉलेट तयार करून जे वाचले असेल ते तिकडे हलवणे हाच उपाय उरतो.

या दोन धोक्यांतील फरक लक्षात घेतला की संग्रह कसा विभागावा हेही उलगडते. संमती पत्त्याला चिकटलेली असते, म्हणून मौल्यवान एनएफटी ज्या पत्त्यावर आहेत तो कोणत्याही संकेतस्थळाला जोडू नये आणि खरेदी-विक्रीसाठी दुसरा पत्ता ठेवावा. परंतु एकाच अॅपमध्ये ‘अकाउंट जोडा’ म्हणून काढलेला दुसरा पत्ता सहसा त्याच शब्दांतून निघतो, त्यामुळे संमतीच्या चुकीपासून तो वाचवतो, शब्द फुटण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी वेगळ्या शब्दांचे वॉलेट किंवा लेजर, ट्रेझर यांसारखे हार्डवेअर वॉलेट लागते, ज्यात किल्ली उपकरणाबाहेर येत नाही. हे उपकरण मुखत्यारपत्रावरची सही मात्र रोखत नाही; मालकाने बटण दाबले की तेही मुकाट्याने सही करते.

न मागता संग्रहात येऊन पडलेले एनएफटी लपवून ठेवावेत आणि त्यांच्या वर्णनातील दुव्यावर जाऊ नये, कारण कोणीही कोणत्याही पत्त्यावर एनएफटी पाठवू शकतो. नुसते येऊन पडण्याने सहसा नुकसान होत नाही. भारतातील धारकाने प्रत्येक खरेदीच्या दिवसाचा रुपयांतील भाव लिहून ठेवणेही सुरक्षिततेचाच भाग मानावे, कारण एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लागतो, खरेदीच्या किमतीखेरीज अन्य खर्च वजा होत नाही आणि भाव शोधायला वर्षभराने बसले तर डोकेदुखी होते.

फोन बदलताना किंवा दुरुस्तीला देताना जुन्या फोनमधील वॉलेट पुसण्यापूर्वी, कागदावरच्या शब्दांवरून नव्या फोनवर ते एकदा उभे करून पाहावे. एखादा शब्द चुकला असेल तर अॅप बहुधा तो क्रम नाकारते, कारण १२ शब्दांच्या संचात तपासणीसाठी चार बिट राखलेले असतात आणि सरासरी १६ पैकी १५ चुका त्यांतून पकडल्या जातात. शब्द स्वीकारले जाऊनही पडदा कधी रिकामा दिसतो. अशा वेळी कदाचित दुसरा पत्ता पुन्हा जोडावा लागत असेल, अॅप वेगळ्या नेटवर्कवर असेल, किंवा एनएफटी आपोआप ओळखण्याची सोय बंद असेल. कधी चित्रच जाते: नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टो-विनिमय संस्था दिवाळखोरीत गेल्यावर, तिच्या सर्व्हरवर ठेवलेली एनएफटींची चित्रे दिसेनाशी झाली, मालकीच्या नोंदी मात्र जागच्या जागी होत्या. अशा वेळी घाईने कोणत्याही ‘मदत केंद्रा’शी संपर्क साधू नये; आपला पत्ता इथरस्कॅनसारख्या नोंदवाचकावर टाकावा आणि एनएफटीच्या क्रमांकापुढे तोच पत्ता आहे का, हे पाहावे.