बोइंग ७३७ : एका आकड्याचा मागोवा

बोइंग ७३७ पहिल्यांदा उडालं ९ एप्रिल १९६७ रोजी. ते मुद्दामच ठेंगणं ठेवलं होतं, कारण छोट्या विमानतळांवर फारशी साधनं नसत आणि सामान हातानं चढवता यायला हवं होतं. तेव्हाची इंजिनं बारीक, लांबोडकी. पंखाखाली सहज मावली. पुढची पन्नास वर्षं मात्र इंजिन बदलायचं म्हटलं की हा ठेंगणेपणा आडवा आला.

१९८४ मध्ये उडालेल्या ७३७-३०० साठी इंजिन पंखाच्या पुढे सरकवलं, त्याच्या तळाची उपकरणं बाजूला नेली आणि आवरणाचं तोंड खालून चपटं केलं. अडचणीतून काढलेली ती वाट मला आजही देखणी वाटते.

७३७ मॅक्स या पुढच्या आवृत्तीचं इंजिन आणखी मोठं. ते अधिक पुढे आणि वर गेलं, पुढच्या चाकाचा दांडा लांबवला. इंजिनाच्या या नव्या जागेमुळे नाक बरंच वर असताना ते आणखी वर जाऊ पाहायचं. त्यावर उपाय म्हणून ‘एमकॅस’ हे सॉफ्टवेअर आलं. शेपटीचा आडवा पंख फिरवून ते नाक खाली आणी. सुरुवातीला ते फक्त जास्त वेगातल्या तीव्र वळणांसाठी होतं, दोन वेगळे संकेत जुळले तरच चाले आणि एका वेळी फार तर ०.६ अंश फिरवी.

२०१६ मध्ये ते कमी वेगालाही लागू केलं. मर्यादा २.५ अंशांवर गेली, म्हणजे चौपटीहून जास्त. दुसऱ्या संकेताची अट गेली. भिस्त उरली समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या एकाच कोनमापकावर. खरी चूक इथे झाली. एवढा बदल झाल्यावर सुरक्षेचं विश्लेषण मुळापासून नव्यानं व्हायला हवं होतं. ते झालं नाही. वैमानिकांच्या पुस्तिकेतही एमकॅसची माहिती नव्हती.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरच्या अपघातात १८९ माणसं गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७. दोन्ही वेळा एका कोनमापकाचं चुकीचं माप खरं धरून एमकॅस नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिलं.

सुधारित सॉफ्टवेअर दोन्ही कोनमापकांची मापं ताडून पाहतं, एका प्रसंगी एकदाच हस्तक्षेप करतं आणि वैमानिकाला वरचढ राहू देतं. अपघातांनंतर उड्डाण थांबवलेल्या मॅक्सला अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा उडायची परवानगी मिळाली, भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये. दुसरा कोनमापक विमानावर पहिल्यापासून बसवलेलाच होता.